चार्टखाली प्रमाण लिहा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या अर्थ पुरवणीत गेले काही आठवडे शेअरच्या भावांच्या ऑनलाइन चार्टवर लेखमाला चालू आहे. मागच्या भागात दोन चार्ट शेजारी-शेजारी छापले होते. मी आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. छापलेली रेघ दिसली की माझा हात मोजपट्टीकडे जातोच. डावीकडची रेघ तळापासून टोकापर्यंत 62 मिलिमीटर चढलेली भरली. बाजूचे बारीक आकडे भिंगातून वाचून हिशेब केला, तर प्रत्यक्षातली वाढ 3 टक्क्यांहूनही कमी निघाली. उजवीकडची रेघ जेमतेम 35 मिलिमीटर चढलेली, आणि तो शेअर मात्र 40 टक्के वर गेलेला. मजकुरात डावीकडच्याला ‘जोरदार उसळी’ म्हटलंय आणि उजवीकडच्याला ‘संथ वाढ’. लेखकाला मी दोष देत नाही. ज्या पडद्यावरून चित्र उचललं त्या पडद्यानेच त्यांना तसं दाखवलं असणार.

आमच्या हापिसात प्रत्येक नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असे. प्रमाण, तारीख, कुणी काढला, कुणी तपासला, सगळं तिच्यात. साहेब आधी ती चौकट बघायचे. प्रमाण लिहिलेलं नसलं की वरचं काम कितीही देखणं असो, कागद परत. तेव्हा राग यायचा. आता कळतं की त्या माणसाने माझे डोळे घडवले.

निवृत्तीनंतर थोडी शिल्लक बाजारात फिरवायला लागलो आणि ऑनलाइन चार्टशी गाठ पडली. लेखमालेत पहिल्याच भागात ‘चार्ट सजवा’ असा सल्ला आहे, तसा मीही सजवला होता. चार मूव्हिंग ॲव्हरेज (मागच्या काही दिवसांच्या भावांची सरकती सरासरी), बोलिंजर बँड, खाली आरएसआय, त्याखाली एमएसीडी, त्याखाली स्टोकॅस्टिक. ही सगळी इंडिकेटर, म्हणजे भावांवरून काढलेल्या मदतीच्या रेघा. माझी पुतणी संगणकातली आहे. ती आली, पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “काका, यात किंमत कुठे आहे?” खरंच शोधावी लागली. मग तिने एकेक करून सगळं काढून टाकलं. आरएसआय, स्टोकॅस्टिक, एमएसीडी ही सगळी त्याच किमतीतून काढलेली गणितं आहेत. एकच भिंत त्याच फितीने तीनदा मोजली आणि तिन्हीदा तेच माप आलं, म्हणून भिंत काही जास्त सरळ ठरत नाही. इंडिकेटरांबद्दल एवढंच पुरे. आपल्या लेखमालेचे चार भाग त्यांच्यावरच गेलेत. मला बोलायचंय ते त्याच्या आधीच्या गोष्टींबद्दल, ज्या डिफॉल्ट म्हणून कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेल्या असतात आणि आपण बघतही नाही.

पहिली गोष्ट उभ्या मापाची. गॅन नावाच्या अमेरिकी सट्टेबाजाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 45 अंशांच्या रेघेला फार मान दिला. एका दिवसाला किमतीचं एक एकक, अशी ती चढती रेघ. 45 अंश म्हटल्यावर मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. कपाटातून जुना गुण्या काढला, पुसला, मॉनिटरला टेकवला आणि त्याच्या कडेने पडद्यावर रेघ ओढली. किंमत तिच्या वर होती. खूश झालो. संध्याकाळी पुतणीला दाखवलं. ती काही बोलली नाही, माऊसचं चाक थोडं फिरवलं. रेघ 30 अंशांवर आली. उलटं फिरवलं, 60 वर गेली. “आता यातला खरा कोन कुठला, काका?” गॅन चौकटीच्या कागदावर काम करायचा, तिथे एक घर म्हणजे किती दिवस नि किती किंमत हे आधी ठरलेलं असायचं. पडद्यावर घरं रबराची. डिफॉल्टमध्ये उभा अक्ष ‘ऑटो’ असतो, म्हणजे जेवढ्या कँडल (ठरावीक वेळेतला उघडता, वरचा, खालचा नि बंद भाव दाखवणारी एकेक उभी खूण) समोर आहेत तेवढ्या पडद्यात वरपासून खालपर्यंत ताणून बसवल्या जातात. दिवसभरात अर्धा टक्का हललेला शेअर डोंगर-दरीसारखा दिसतो तो यामुळे. आपल्या 62 मिलिमीटरचं कोडंही इथेच सुटतं. हे ‘ऑटो’ बंद करता येतं, किमतीचं आणि कँडलचं गुणोत्तर कुलूपबंदही करता येतं. गंमत म्हणजे बऱ्याच चार्टवर ही बटणं उजव्या खालच्या कोपऱ्यातच असतात. साहेबांच्या चौकटीच्या जागी!

तिथेच दुसरं बटण असतं लॉग स्केलचं. लेखमालेत त्याला एक वाक्य मिळालंय, ‘दीर्घ मुदतीसाठी उपयुक्त’. हे म्हणजे फारच कंजूषपणा झाला. आमच्या पिढीने स्लाइड रूल वापरला, लॉगचा छापील कागद वापरला, त्यामुळे मला हे सांगायलाच हवं. साध्या स्केलवर 10 वरून 20 जाणं आणि 1000 वरून 1010 जाणं सारख्याच उंचीचं दिसतं. एकात पैसे दुप्पट झाले, दुसऱ्यात एक टक्का वाढले. लॉग स्केलवर 10 ते 20 आणि 1000 ते 2000 सारख्या उंचीचे दिसतात, कारण दोन्हीकडे दुप्पट.

डाऊ जोन्स या अमेरिकी शेअर निर्देशांकाचं उदाहरण मी कागदावर मांडून बघितलं. 3 सप्टेंबर 1929 ला तो 381.17 वर बंद झाला आणि 8 जुलै 1932 ला 41.22 वर. 89 टक्के गेले. पुढे 19 ऑक्टोबर 1987 ला एका दिवसात 508 अंक पडला, म्हणजे 22.6 टक्के. आता 200 मिलिमीटर उंचीच्या साध्या चार्टवर शून्यापासून 40,000 पर्यंतचे अंक बसवा. 1929 ची पडझड भरते 1.7 मिलिमीटर आणि 1987 ची अडीच मिलिमीटर! ज्या मंदीत अख्खं जग होरपळलं ती पेन टेकल्याच्या ठिपक्याएवढी, आणि एका दिवसाची घसरण तिच्याहून मोठी. तेवढ्याच उंचीवर लॉग स्केलने 40 ते 40,000 बसवले, तर पहिली 64 मिलिमीटर येते आणि दुसरी सात-साडेसात. याला म्हणतात प्रमाण. आणि निर्देशांक 40,000 ला असताना 508 अंक पडले, तर ते जेमतेम सव्वा टक्का. बातमीच्या मथळ्यात मात्र ‘500 अंकांची घसरण’ आजही तशीच ठळक.

ट्रेंडलाइनचं, म्हणजे किमतीचा कल दाखवायला तिच्या टोकांना जोडून ओढलेल्या रेघेचंही तेच. एका स्केलवरची सरळ रेघ दुसऱ्यावर वाकते. कित्येकदा लॉगवर किंमत रेघेखाली घसरलेली दिसते आणि साध्या स्केलवर ती अजून रेघेच्या वर असते. ‘ट्रेंडलाइन तुटली’ असं लिहिणाऱ्याने ती कुठल्या स्केलवर तुटली हेही लिहायला नको का? लॉगलाही मर्यादा आहेतच. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा बॅरलला उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. लॉगच्या कागदावर शून्यच नसतं, उणे कुठून दाखवणार? पंधरा मिनिटांच्या चार्टवर दोन दिवसांचं काम असेल तर साधं स्केल चालतं, तिथे दोन्हींत फरकही दिसत नाही. दहा वर्षांचा चार्ट साध्या स्केलवर छापणं मात्र मला पटत नाही.

आता माझी फजिती सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा पटायचा नाही. माझ्याकडच्या एका शेअरचा स्प्लिट झाला, एकाचे पाच झाले. मला तारीख लक्षात नव्हती. सकाळी एका संकेतस्थळावर चार्ट उघडला तर हजाराच्या घरातली किंमत सरळ दोनशेवर. छातीत धस्स झालं. विकायला म्हणून दुसऱ्या ठिकाणी गेलो, तर तिथे काहीच झालेलं नाही, रेघ शांत चालली आहे. पहिल्याने जुन्या किमती तशाच ठेवल्या होत्या, दुसऱ्याने मागच्या सगळ्या किमतींना पाचने भागलं होतं. दुसरं बरोबर, पण तिथेही मी हाताने 950 वर ओढलेली आधाराची रेघ (भाव हिच्याखाली जाऊ नये अशी) तशीच आकाशात लटकत होती आणि चार्ट तिच्याखाली पार 200 वर. किमती ॲडजस्ट झाल्या, माझ्या रेघा कोण करणार? पहिल्या संकेतस्थळावर 200 दिवसांचं मूव्हिंग ॲव्हरेज लावलं असतं तर ते पुढचे 200 दिवस चुकीचंच दिसलं असतं.

लाभांशाचं प्रकरण याहून गोड. एका शेअरवर मी खरेदीची खूण करायला गेलो. माझ्या वहीत तारीख आहे, भाव आहे. त्या तारखेच्या कँडलमध्ये तो भाव बसेचना, कँडलचं वरचं टोकसुद्धा माझ्या खरेदीच्या खाली. मला वाटलं, ब्रोकरने फसवलं. तासभर पावत्या चाळल्या. शेवटी सेटिंगमध्ये लाभांशासाठी ॲडजस्ट करण्याची खूण दिसली. त्यानंतर दिलेला प्रत्येक लाभांश हिशेबात धरून जुने भाव खाली सरकवले होते. परतावा बघायला हे योग्यच, पण ‘त्या दिवशी भाव काय होता’ हे बघायला चूक. खूण काढली आणि माझा भाव जागेवर सापडला. ब्रोकरची मनातल्या मनात माफी मागितली.

दुसरी फजिती स्वतःच्याच हातची. कँडलचे प्रकार बदलून बघताना हाइकिन आशी हा प्रकार फार आवडला. दातेरी चार्ट एकदम मऊसूत होतो, सलग एका रंगाच्या कँडल, मन कसं शांत. तो तसाच राहिला आणि मी विसरलो. दोन आठवड्यांनी कँडल माझ्या रेघेच्या खाली बंद झालेली बघून शेअर विकला. प्रत्यक्षात तो रेघेच्या बराच वर बंद झाला होता. हाइकिन आशीतला बंद भाव हा खरा बंद भाव नसतोच. उघडलेला, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद, या चार भावांची ती सरासरी. तिचा उघडण्याचा भावही आधीच्या तशाच कँडलच्या मध्यावर ठरतो. त्या भावाला कुणी काही विकत घेतलेलं नसतं. लेखमालेच्या तिसऱ्या भागातला चार्ट मला तसाच वाटतो, सलग नऊ कँडलपैकी प्रत्येक आधीच्या मधोमध उघडते आहे. खाली कुठे तसं लिहिलेलं नाही.

वेळेबद्दल थोडक्यात. न्यूयॉर्कचा बाजार 9:30 ते 4, म्हणजे साडेसहा तास. तासाच्या कँडल मोजल्या तर सहा पूर्ण आणि एक अर्धी. त्या अर्धीचा व्हॉल्यूम (किती शेअरांची उलाढाल झाली तो आकडा) शेजारच्या पूर्ण तासाशी ताडून बघण्यात अर्थ नाही. बाजार उघडण्याआधीचे आणि मिटल्यानंतरचे व्यवहार चार्टमध्ये घेतले की सकाळचा गॅप (आदल्या बंद भावापासून पडलेली मोकळी जागा) गायब होतो, वगळले की परत येतो. शिवाय तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करतात. ज्यांच्या देशात घड्याळ बदलत नाही त्यांच्या पडद्यावर त्या दिवसापासून बाजार तासाने सरकतो. मी टाइमझोन बाजाराचाच ठेवतो आणि स्वतःची वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघतो.

आरएसआयचा एक प्रश्न लेखमालेच्या वाचक-प्रश्नांत आला होता आणि उत्तर अर्धंच मिळालं, म्हणून लिहितो. वाचकाने विचारलं होतं, एकाच शेअरचा आरएसआय एका पडद्यावर 31 आणि दुसऱ्यावर 27 का? अलीकडची वाढ आणि घट ताडून 0 ते 100 मधला आकडा देणारं हे इंडिकेटर वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडलं. ते मूळचे मेकॅनिकल इंजिनियर, म्हणून मला जरा जवळचे. त्यांची पद्धत हाताने करायला सुटसुटीत आहे. वाढीच्या कालच्या सरासरीला 13 ने गुणा, आजची वाढ मिळवा, 14 ने भागा. घटीचंही तसंच. पण यात प्रत्येक दिवसाचं उत्तर कालच्या उत्तरावर उभं असतं, म्हणजे मोजायला सुरुवात कुठून केली याचा माग बराच काळ राहतो. एक पडदा शंभर कँडलपासून मोजतो, दुसरा हजार, मग उत्तर जुळणार कसं? काही ठिकाणी तर सरळ साधी सरासरी घेतात आणि नाव तेच ठेवतात. चालू कँडल बंद होईपर्यंत आकडा हलत राहतो तो वेगळाच. आकड्यांनाही इतिहास असतो. इचिमोकू नावाच्या इंडिकेटरमध्ये किती कँडल धरायच्या याचे 9, 26, 52 हे आकडे डिफॉल्ट येतात. गोइची होसोदा या जपानी पत्रकाराची ही पद्धत. तेव्हा जपानचा बाजार शनिवारीही चालत असे आणि महिन्याचे कामाचे दिवस 26 भरत. आज आठवड्याचे पाचच दिवस, तरी 26 तसाच. तो बदलावा की नाही यावर मी भांडणार नाही, पण तो कुठून आला हे माहीत नसताना बदलूही नये.

राहिला रंग. हा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो माझा खासगी आहे. मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. नोकरीच्या वेळी डॉक्टरांनी ठिपक्यांची पुस्तिका समोर धरली, बाकीच्यांना त्यात आकडे दिसत होते, मला नुसती खडी. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला हा दोष असतो, बायकांत फार क्वचित. ड्राफ्ट्समनच्या कामात याने काही अडलं नाही. ट्रेसिंग पेपरवर काळी शाई. वीट, काँक्रीट, लाकूड, माती, प्रत्येकाला आपापली रेघारेघांची भरण. जाड रेघेला जाड पेन, बारीक रेघेला बारीक. चूक झाली की ब्लेडने अलगद खरवडायची. अख्खं धरण आम्ही एका रंगात उभं केलं!

आणि इथे ऑनलाइन चार्ट उघडला की हिरव्या आणि लाल कँडल, मला सगळ्या एकाच पिकल्या पानाच्या रंगाच्या. वर गेली की खाली आली हे ओळखायला पुढची कँडल बघावी लागे. सुरुवातीचे सहा महिने मी कुणाला सांगितलंही नाही, उगाच मान डोलवायचो. शेवटी पुतणीच्या लक्षात आलं. तिने निळा-नारिंगी लावून दिला. तो दिसला, पण मला माझी भरणच बरी वाटली. चढती कँडल पोकळ, नुसती बाह्यरेषा, आणि उतरती काळी भरलेली. पार्श्वभूमी ट्रेसिंग पेपरच्या रंगाची. जपान्यांनी छापील कँडलचार्ट असेच पांढरे-काळे काढले होते, म्हणजे मी काही नवीन शोध लावला नाही. रंगाचा अर्थ तरी कुठे सगळीकडे एक आहे? चीन आणि जपानमध्ये लाल म्हणजे वाढ. फक्त एक सावधगिरी. काही चार्टवर ‘पोकळ कँडल’ निवडली की पोकळ-भरीव हे त्या दिवशीच्या उघडण्यावरून ठरतं आणि रंग आदल्या दिवशीच्या बंद भावावरून. मग लाल पोकळ अशी चमत्कारिक कँडल दिसते आणि माणूस गोंधळतो. दोन्ही रंग काळेच करून टाकले की प्रश्न मिटला.

आपल्या पुरवणीचं चार्टचं पान कधी रंगीत असतं, कधी काळं-पांढरं. रंगीत असतं तेव्हा ते फक्त मला दिसत नाही. काळं-पांढरं असतं तेव्हा लाल आणि हिरवा दोन्ही एकाच करड्या छटेत उतरतात, आणि त्या दिवशी आपले सगळे वाचक माझ्या रांगेत येतात.

तेव्हा विनंती एवढीच. यापुढे छापाल त्या प्रत्येक चार्टखाली एक बारीक ओळ द्यावी. स्केल साधं की लॉग, उभा अक्ष कुठून कुठपर्यंत, कँडल कुठल्या प्रकारची आणि किती वेळेची, किमती स्प्लिट-लाभांशासाठी ॲडजस्ट केल्या आहेत का, आणि बाजाराबाहेरचे तास धरले आहेत का. आठ पॉइंटच्या टायपात दीड ओळ होते, मी लिहून बघितली. कँडल पोकळ-भरीव छापाव्यात. आणि दोन चार्ट शेजारी-शेजारी द्यायचे असतील तर दोन्हींचं प्रमाण एक ठेवावं.

मागच्या भागातले ते दोन्ही चार्ट मी एकाच लॉग स्केलवर काळ्या शाईत पुन्हा काढले आहेत, ते सोबत जोडतो. डावीकडची रेघ आता 5 मिलिमीटर चढते आणि उजवीकडची 58. उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकट आहे. ‘तपासले’ या शब्दापुढची जागा मोकळी सोडली आहे, तिथे आपल्याकडच्या कुणीतरी सही करावी. कागद परत पाठवायची गरज नाही, फक्त घडी घालू नये. ट्रेसिंग पेपरला पडलेली घडी जात नाही.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन